रिकामे अंगण आणि जपानी उद्यान : चोपड्याच्या निमित्ताने

घरापुढील मोकळ्या जागेस ‘नुसते अंगण’ म्हणण्याची रीत अलीकडे पडली आहे. ‘नुसते’ ह्या विशेषणात एक निर्णय दडलेला आहे : जे नुसते आहे ते अजून काहीच झालेले नाही, आणि म्हणून त्याचे काहीतरी करावयास हवे. तापीच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याजवळ वसलेल्या चोपड्यासारख्या तालुक्याच्या गावी शेतजमिनी बिनशेती होऊन ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांतील घरांपुढे नियमाप्रमाणे सोडलेली चार-दोनशे चौरस फुटांची जागा हा घरमालकापुढील एक प्रश्नच असतो. बहुतेक जण तीवर सिमेंटच्या ठोकळ्यांची फरसबंदी करून मोकळे होतात. काही जण हिरवळ लावतात. आणि ज्यांस काही निराळे, शांत व सुसंस्कृत हवे असते, त्यांच्यापुढे रोपवाटिकेचा माळी किंवा घराचा आराखडा करणारा अभियंता ‘जपानी पद्धतीची बाग’ हा पर्याय ठेवतो : एक सिमेंटचा दगडी दिवा, पांढरी खडी, लाल रंगाचा हातभर लांबीचा पूल, कुंडीतील खुजे झाड, आणि जमल्यास विजेवर चालणारा झरा.

ह्या पर्यायाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. वाङ्मय व कला ह्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी बागेच्या वाटेस का जावे, अशी शंका काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु एका संस्कृतीतील रचनाप्रकार दुसरीत आणताना काय येते व काय मागे राहते, हा प्रश्न आपल्या अभ्यासक्षेत्रास नवा नाही. केशवसुतांच्या हातून सॉनेट मराठीत आले. शिरीष पै यांच्या हातून हायकू आला. ह्या दोन्ही वेळी आकार आणि वृत्ती ह्यांतील आपण नेमके काय उचलले, ह्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. अंगणात जपानी उद्यान आणणे हे त्याच जातीचे भाषांतर आहे. फरक एवढाच की येथे मूळ संहितेचा अभ्यास न करताच भाषांतर सिद्ध होते.

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की, ज्यास आपण ‘जपानी उद्यान’ म्हणतो तो साचा जपानातून सरळ आपल्याकडे आलेला नाही. जोसाया काँडर हा इंग्रज वास्तुशिल्पी १८७७ साली तोक्योस गेला व १८९३ साली त्याने जपानी उद्यानरचनेवर जो इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात जपानी मार्गदर्शक पोथ्यांच्या आधारे दगड, झाडे व दिवे ह्यांना क्रमांक देऊन त्यांच्या जागा दाखविल्या होत्या. त्याच वर्षी शिकागोच्या, पुढील वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या आणि १९१० साली लंडनच्या प्रदर्शनात जपानी बागा मांडल्या गेल्या. प्रदर्शनातील बागेस तीनचार महिन्यांत हजारोंचे लक्ष वेधून घ्यावयाचे असते. साहजिकच दिवा, पूल आणि चहागृह ह्या सहज ओळखता येणाऱ्या खुणा पुढे आल्या आणि जे ओळखण्यास वेळ लागतो ते मागे पडले. ‘झेन उद्यान’ हा आज सर्वतोमुखी झालेला शब्दप्रयोगही फारसा जुना नाही. लोरेन कक ह्या अमेरिकन लेखिकेच्या १९३५ सालच्या पुस्तकातून तो इंग्रजीत रूढ झाला, आणि व्हीबे काउटर्ट ह्या डच अभ्यासकाने १९८८ साली ह्या कल्पनेची परखड तपासणी करून, मध्ययुगीन उद्यानकर्त्यांच्या माथी विसाव्या शतकातील तत्त्वज्ञान मारले जात असल्याचे दाखवून दिले. चोपड्याच्या माळ्यास ह्यातले काही ठाऊक असण्याचे कारण नाही. पण त्याच्या हातातील नमुन्याला हा इतिहास आहे.

मूळ संहितेकडे वळले असता जो शब्द प्रथम भेटतो तोच आपल्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक आहे. उद्यानास जपानी भाषेत ‘निवा’ म्हणतात. ह्या शब्दाचा जुना अर्थ झाडाफुलांशी संबद्ध नाही. निवा म्हणजे स्वच्छ केलेली, सपाट, मोकळी भूमी : जेथे देवकार्य करावयाचे, राजसभा भरवावयाची किंवा शेतीचे काम उरकावयाचे ती जागा. शेतकऱ्याच्या घरातील मातीची कामाची भुई आणि घरापुढचे धान्य वाळविण्याचे पटांगण ह्यांनाही जपानच्या अनेक भागांत निवाच म्हणत. क्योतोच्या राजवाड्यातील मुख्य सभागृहाच्या दक्षिणेस आजही पांढऱ्या वाळूचे एक विस्तीर्ण प्रांगण आहे; त्यात डाव्या-उजव्या अंगास दोन झाडे सोडली तर काही नाही. ते रिकामे आहे, कारण तेथे काही घडावयाचे असते. झेन मठांतील मठाधिपतीच्या निवासापुढील दक्षिणांगणही मूलतः असेच विधींसाठी मोकळे राखलेले होते. विधी मागे पडले तसतसे ते रचनेस मोकळे झाले, असे उद्यानेतिहासकार सांगतात. म्हणजे जपानी शुष्क उद्यानाचा पूर्वज एक झाडून काढलेले अंगण आहे. ज्या ‘नुसत्या’ जागेवर उपाय म्हणून आपण जपानी बाग मागवितो, ती नुसती जागा हेच त्या बागेचे बीज होय.

अकराव्या शतकातील ‘साकुतेइकी’ ह्या, ताचिबाना नो तोशित्सुना ह्याच्या नावावर असलेल्या, उद्यानरचनेवरील जपानच्या सर्वांत जुन्या ग्रंथातही हीच वृत्ती वेगळ्या प्रकारे दिसते. दगड मांडणे हे त्याच्या मते उद्यानरचनेचे मुख्य कर्म. परंतु मांडणाऱ्याने आपली इच्छा दगडावर लादावयाची नाही. पहिला दगड बसला की पुढच्या दगडाने काय मागितले आहे ते ओळखावयाचे, ही त्याची भूमिका. प्रदेशोप्रदेशीची निसर्गरम्य स्थळे स्मरून त्यांचा भाव आपल्या जागेत आणावा, असेही तो सांगतो. स्थळाची प्रतिकृती आणि स्थळाचा भाव ह्यांतील हा भेद ध्यानात ठेवावा लागेल.

आता ह्या परंपरेतील सर्वांत ख्यात रचना घेऊ. क्योतोच्या र्योआन-जी मठातील उद्यान सुमारे २५ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, म्हणजे अडीचशे चौरस मीटरचे आहे. पांढऱ्या खडीवर पंधरा दगड पाच समूहांत मांडलेले आहेत : पाच, दोन, तीन, दोन, तीन. दगडांच्या पायाशी शेवाळ आहे. दुसरी वनस्पती नाही. ओसरीवर कोठेही बसले तरी एखादा तरी दगड दृष्टीआड राहतो. ही रचना कोणी व केव्हा केली ह्याबाबत विद्वानांत एकमत नाही, आणि तिचा अर्थ काय ह्याबाबत तर नाहीच नाही.

बा. सी. मर्ढेकरांच्या सौंदर्यशास्त्रास हे उद्यान जणू उदाहरणादाखल घडविले असावे, असे वाटते. (मर्ढेकरांचा जन्म चोपड्याच्या शेजारच्या यावल तालुक्यातील फैजपूरचा, १९०९ सालचा; खानदेशच्या उन्हातून हा लयवादी सिद्धान्ती निघाला ह्याचा आपल्याकडे फारसा उल्लेख होत नाही.) संवाद, विरोध आणि समतोल हे त्यांनी सांगितलेले लयीचे तीन नियम येथे जवळजवळ उघडे पडलेले दिसतात. आडवे दगड एकमेकांशी संवाद साधतात, उभा दगड विरोध निर्माण करतो, आणि समूहांच्या विषम संख्यांतून जो समतोल साधतो तो तराजूच्या दोन पारड्यांचा नसून चालत्या माणसाच्या दोन पावलांचा असतो. मर्ढेकरांच्या उपपत्तीत कलाकृतीच्या सौंदर्याचा तिच्या लौकिक उपयोगाशी संबंध नाही. र्योआन-जीच्या उद्यानाचाही नाही. तेथे कोणी पाऊल टाकत नाही. भिक्षू खडीवर दाताळे ओढतो तेवढेच, आणि मागे सरकत सरकत आपली पावलेही पुसून टाकतो.

नेमक्या ह्याच ठिकाणी आपली अडचण सुरू होते. र्योआन-जीमध्ये निवाचे रूपांतर दृश्यात झाले : जेथे काही घडत होते तेथे आता केवळ पाहावयाचे राहिले. ह्या रूपांतरातून एक थोर कलाकृती निर्माण झाली हे निर्विवाद. पण चोपड्यातील घरापुढे पांढरी खडी अंथरून तीत तीन दगड बसविले जातात तेव्हा ह्याच रूपांतराची पुनरावृत्ती होते, आणि ह्या वेळी जे नाहीसे होते त्याचा हिशेब कोणी मांडत नाही. तो मांडला पाहिजे.

खानदेशातील अंगण ही एक रचना आहे, आणि ती रोज नव्याने करावी लागणारी रचना आहे. धाब्याच्या घरापुढील ती भुई पहाटे झाडली जाते, तीवर शेणाचा सडा पडतो, रांगोळीची चार बोटे उमटतात आणि दुपारपर्यंत पावलांनी पुसून जातात. चैत्र-वैशाखात तेथेच खाटांवर वा धडप्यांवर पापड, कुरडया आणि ज्वारीचे बिबडे वाळतात. रात्री त्याच खाटांवर माणसे निजतात, कारण घरात निजणे अशक्य असते. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात आणि निंबाच्या फांदीला झोका बांधला जातो. श्रावणात कानबाई बसते. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली गुलाबाईची गाणी म्हणत ह्या अंगणातून त्या अंगणात जातात आणि झाकलेला खाऊ ओळखण्याचा खेळ खेळतात. लग्नाचा मांडव तेथे पडतो आणि मृतालाही शेवटचे तेथेच ठेवले जाते. एवढी विविध कार्ये एकाच जागेत घडू शकतात ह्याचे कारण त्या जागेत कायमचे असे काही नाही. एका कोपऱ्यास तुळशीवृंदावन आणि कडेस एखादे झाड, बस्स. जुन्या अर्थाने हाच निवा होय.

ह्या वर्णनात भाबडेपणा शिरू देणे मात्र योग्य होणार नाही. अंगण राखणे हे श्रमाचे काम होते आणि ते श्रम बाईच्या वाट्यास येत. शेण गोळा करणे, कालविणे, सारवणे, टाकणे ह्यांत तिचा दिवस उजाडत असे. ज्या सुनेने फरसबंदी मागितली तिला दोष देणाऱ्या सौंदर्यशास्त्राने आधी हातात खराटा घेऊन पाहावा. शिवाय अंगण हे स्वागताचे स्थळ होते तसे ते मज्जावाचेही होते. कोणी ओट्यापर्यंत यावे, कोणी अंगणातच थांबावे आणि कोणी अंगणाच्याही बाहेरून हाक द्यावी, ह्याचे जातिनिष्ठ नियम गावोगावी होते. रिकाम्या भूमीस स्वतःची नीती नसते. तिच्यात जे घडू दिले जाते त्यावरून ती ठरते.

तरीही मुख्य मुद्दा शिल्लक राहतोच. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) ह्या ग्रंथात कलाविचारातील लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद ही दोन टोके मांडून, कलेचे आपले आकलन ह्या दोहोंच्या ताणात वावरत असते असे प्रतिपादन केले. अंगण आणि र्योआन-जी ही त्या दोन टोकांची दृश्य रूपे मानता येतील. परंतु उद्यानाच्या बाबतीत ही टोके एकाच मुळातून फुटलेली आहेत, ही बाब विशेष विचारार्ह आहे. त्यामुळे ‘अंगण ही उपयुक्त वस्तू आहे, जपानी उद्यान ही कलाकृती आहे, म्हणून पहिलीच्या जागी दुसरे आणणे म्हणजे उन्नती’ हा जो न उच्चारलेला युक्तिवाद चोपड्यातील नव्या घरांमागे आहे, तो उभा राहू शकत नाही. अंगणाची लय त्याच्या वापरात आहे. रांगोळी पुसली जाणे हा तिचा दोष नसून घटक आहे. मर्ढेकरांच्या नियमांत ही कालगत लय बसविणे कठीण जाते. पण त्यावरून अंगण अकलात्मक ठरत नाही, नियम अपुरा ठरतो, असे आम्हांस वाटते.

जपानी उद्यान मराठी मातीत येऊच शकत नाही, असा मात्र ह्याचा अर्थ नव्हे. ह्या संदर्भात पुण्याचे उदाहरण टाळता येत नाही. सिंहगड रस्त्यावरील पुणे-ओकायामा मैत्री उद्यान २००६ साली खुले झाले. सुमारे दहा एकरांच्या ह्या उद्यानास पु. ल. देशपांडे ह्यांचे नाव दिलेले आहे, आणि ते औचित्याला धरून आहे. ‘पूर्वरंग’मध्ये पुलंनी मराठी वाचकास जपान दाखविला होता. उद्यानाचा नमुना ओकायामाचे कोराकुएन. इकेदा त्सुनामासा ह्या सरदाराने ते १६८७ साली करावयास घेतले व १७०० साली पूर्ण केले. १८८४ साली ते लोकांस खुले झाले. १९३४ च्या पुराने आणि १९४५ च्या बाँबवर्षावाने त्याची मोठी हानी झाली व जुन्या चित्रांच्या आधारे ते पुन्हा उभारले गेले. जपानच्या तीन श्रेष्ठ उद्यानांत त्याची गणना होते. ‘कोराकुएन’ ह्या नावामागे फान चुंग-येन ह्या चिनी पंडिताचा विचार आहे : राज्यकर्त्याने चिंता सर्वांच्या आधी करावी आणि सुख सर्वांच्या नंतर भोगावे.

पुण्याच्या उद्यानात सिमेंटच्या दिव्यांचा बाजार नाही. वळत जाणारा जलप्रवाह, त्याच्या काठाने फिरणारी वाट, मंद चढउतारांची हिरवळ आणि मधूनच उघडणारे दृश्य हे कोराकुएनचे व्याकरण त्यात प्रामाणिकपणे उतरलेले आहे. चालणाऱ्याच्या पावलाबरोबर रचना उलगडत जाते. जपानी परंपरेतील र्योआन-जीहून निराळी, फिरण्याच्या उद्यानांची जी शाखा आहे तिचे हे मराठी रूप यशस्वी मानण्यास हरकत नाही. पण दोन गोष्टी नजरेआड करता येत नाहीत. पहिली पाण्याची. ओकायामा हा जपानात तुलनेने कोरडा प्रदेश समजला जातो, तरीही तेथे वर्षास सुमारे ११०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बारा महिन्यांत विभागलेला असतो. पुण्यास सातशेच्या वर थोडा, आणि तोही चार महिन्यांत. उरलेले आठ महिने हिरवळ जगविण्याचे काम पावसाचे नसून साठविलेल्या पाण्याचे आहे. महानगरपालिकेच्या दहा एकरांत, हजारोंच्या विसाव्यासाठी, हा खर्च समर्थनीय ठरू शकेल. खाजगी अंगणात नव्हे. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. कोराकुएनमध्ये हिरवळीबरोबर एक लहानसे भाताचे खाचर आहे, चहाचा मळा आहे. राजाच्या विहारभूमीत शेताला जागा दिली आहे. भोवतीच्या मुलखाचे पीक उद्यानात आले आहे. पुण्यात आपण हिरवळ घेतली, पूल घेतला, पण कोराकुएनच्या ह्या अंगाचे भाषांतर केले असते तर पश्चिम महाराष्ट्राच्या शेतीतले काय तेथे आले असते, हा प्रश्न आपल्या कल्पनेस शिवलेला दिसत नाही. आकार आला, आकाराने भोवतालाशी धरलेला संबंध मागे राहिला.

चोपड्यास हा संबंध कोठे जोडता येईल? येथे पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. क्योतोच्या दगडांखाली जे शेवाळ आपोआप माजते ते येथे एक वैशाख काढणार नाही. जपानी मॅपल आणि पाइन ह्यांचे नावच नको. पांढऱ्या खडीचा प्रश्न तर विचार करण्याजोगा आहे. क्योतोत खोल पागोळीच्या आतील अंधाऱ्या दालनात प्रकाश परतवून पोहोचविणे हे त्या पांढऱ्या प्रांगणाचे एक कार्य होते. खानदेशात प्रकाशाची टंचाई नाही. पांढरी खडी येथे डोळे दिपविते, भिंती तापविते आणि सूर्यास्तानंतरही उष्णता सोडीत राहते. ओल्या सड्याची भुई बाष्पीभवनाने थंड होते. सौंदर्यविचारात शारीरिक सुखास स्थान नसावे असे मानणारांनी मे महिन्याच्या दुपारी ह्या दोन भूमींवर अनवाणी उभे राहून आपले मत पुन्हा तपासावे.

जमिनीचेही तसेच. तापीखोऱ्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगांनी फाटते. तीवर नुसते ठेवलेले दगड वर्षभरात कलंडतात, आणि सिमेंटचे उथळ तळे दुसऱ्या वर्षी गळू लागते. जपानी कारागीर दगडाचा मोठा भाग जमिनीत पुरतो, दगड जमिनीतून उगवल्यासारखा दिसावा म्हणून. येथे तो मुरुमाच्या थरात खोल बसवावा लागेल, दिसण्यासाठी आणि टिकण्यासाठीही. तंत्र आणि भाव एकत्र येण्याची अशी स्थळे फार नाहीत.

मात्र दगडांच्या बाबतीत चोपडा दरिद्री नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, यावल, रावेर ह्या तालुक्यांतून डोंगरातून वाहून आलेल्या गोट्यांचा, दगडगोट्यांच्या भरडीचा व वाळूचा एक पट्टा पसरलेला आहे. भूजलशास्त्रज्ञ त्यास ‘बझाडा’ म्हणतात. डोंगरातून उसळत आलेला नाला ह्या पट्ट्यात शिरला की त्याचे पाणी गोट्यांमधून खाली जिरते, आणि पावसाळा सरताच मागे राहते ती केवळ दगडांची नदी. जपानी उद्यानशास्त्रात ‘कारेसानसुई’ म्हणजे पाण्याविना पाण्याचा भास देणारी रचना. मांडलेल्या दगडांतून कोरडा प्रवाह सुचविणे हे तिचे कौशल्य. हे कौशल्य सातपुड्याचा प्रत्येक नाला दरवर्षी करून दाखवितो, फरक एवढाच की येथे पाणी सुचविलेले नसून खरोखरच खाली गेलेले असते, आणि केळीच्या बागांना पाणी देणाऱ्या विहिरी व कूपनलिका त्यावरच जगतात. ‘साकुतेइकी’ने सांगितलेले प्रदेशातील स्थळ स्मरणात आणणे चोपड्याच्या अंगणास करावयाचे असेल, तर स्मरावयाचे स्थळ क्योतो नव्हे, हा कोरडा नाला होय.

ह्यातून अंगणरचनेचे एक निराळे रूप सुचते. ते सुचविणे हे समीक्षकाचे काम नव्हे, असा आक्षेप घेतला जाईल. तरी थोडे धाष्टर्य करतो. मधली भूमी मोकळीच ठेवावी. मुरूम ठोकून घट्ट केलेली, पाणी जिरू देणारी, जीवर आखाजीला माणसे बसू शकतील अशी. धाब्यावरून वा गच्चीवरून येणारे पावसाचे पाणी आज नळातून गटारात जाते. ते एका कडेने गोट्यांच्या उथळ चरातून नेऊन खड्ड्यात जिरवावे. हा चर वर्षातून चार महिने वाहील आणि आठ महिने वाहण्याची आठवण देईल. झाड एकच असावे व ते निंबाचे असावे, म्हणजे सावलीही मिळेल आणि झोक्याची सोयही होईल. दगड तीन वा पाच. पण ते विकत आणण्यापूर्वी थांबावे. बझाड्यातील गोटे ट्रॅक्टरने उपसून अंगणे सजविली गेली तर जेथे पाणी जिरते तेच गाळणे आपण उद्ध्वस्त करू. जुनी घरे पाडताना निघालेले पायाचे काळे दगड, मोडकी जाती, उखळे, विहिरीचे थारोळे चोपड्यात ठिकठिकाणी उकिरड्यावर पडलेले असतात. चहागृहाकडे जाणाऱ्या जपानी पायवाटेवर, ‘रोजी’वर, जुन्या इमारतींचे व पुलांचे टाकलेले दगड मुद्दाम वापरण्याची रीत आहे, आणि ती रीत त्यांच्याकडे रसिकतेचे लक्षण मानली जाते. आमच्या घरमालकास मात्र जात्याच्या पाळूची लाज वाटते आणि सिमेंटच्या दिव्याचा अभिमान.

रोजीचा उल्लेख आला म्हणून आणखी एक. अंगणासाठी जपानकडून एखादा नमुनाच घ्यावयाचा असेल तर तो र्योआन-जीचा न घेता रोजीचा घ्यावा. रोजी ही चालण्याची जागा आहे. पाहुणा येण्यापूर्वी यजमान तीवर पाणी शिंपडतो, आणि ओली वाट ही ‘यावे, तयारी झाली आहे’ अशी खूण समजली जाते. सड्याचा अर्थ ज्यांना ठाऊक आहे त्यांस हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

राहता राहिला सातपुडा. दूरचा डोंगर बागेच्या चौकटीत घेऊन त्यास रचनेचा भाग बनविणे, ह्यास जपानी परिभाषेत ‘शाक्केई’ म्हणजे उसने दृश्य म्हणतात. क्योतोच्या एन्त्सू-जी मठातील उद्यान हिएई पर्वत असाच उसना घेते : मधल्या साऱ्या गोष्टी कुंपणाने झाकल्या जातात आणि कुंपणावर एकदम पर्वत उभा राहतो. कोराकुएनमध्ये ओकायामाचा काळा किल्ला आणि मिसाओ टेकडी हेच करतात. चोपड्याच्या उत्तरेस सातपुड्याची रांग पावसाळ्यानंतरच्या स्वच्छ हवेत निळी, स्पष्ट दिसते, आणि उत्तराभिमुख अंगण असलेल्या कोणत्याही घरास ती फुकट उसनी मिळू शकते. अट एकच, कुंपणाची भिंत छातीएवढी असावी. आज बांधल्या जाणाऱ्या भिंती पुरुषभर उंच असतात व वर काचा लावलेल्या असतात. आणि भिंत खाली आणली तरी समोरच्या घराचा दुसरा मजला, त्यावरची पाण्याची काळी टाकी व मोबाइलचा मनोरा ह्यांचे काय, हा प्रश्न एका घरमालकाच्या हातातला नाही. क्योतो नगराने २००७ साली इमारतींच्या उंचीवर निर्बंध घालताना एन्त्सू-जीच्या ओसरीवरून हिएई दिसत राहावा ह्याचाही विचार केला. आपल्या तालुक्याच्या गावांच्या विकास आराखड्यांत रस्त्यांची रुंदी असते, आरक्षणे असतात. उत्तरेकडे काय दिसते ह्याचा रकाना नसतो.